कॅमेऱ्याची बॅग आणि खोबऱ्याची वाटी

ताई,

सात किलो म्हणजे किती, हे आता माझ्या हाताला कळायला लागलंय. परवा तुझी तेरवी झाली आणि तेव्हापासून मी दुसरं काही केलेलं नाही. बॅग भरते, काट्याला लटकवते, आकडा बघते, पुन्हा रिकामी करते. काल शेजारच्या काकू भेटायला आल्या तेव्हा मी पलंगावर दोन कॅमेरे, तीन लेन्स, दोन फ्लॅश आणि बॅटऱ्यांचा ढीग मांडून मधोमध बसले होते. त्या जरा टेकल्या, चहा नको म्हणाल्या आणि निघून गेल्या. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय असं त्यांना वाटलं असणार. झालाही असेल. आज दुपारपर्यंत रडूही आलं नव्हतं, ताई.

शुक्रवारी विमान आहे. अमरावतीहून मुंबई, मुंबईहून कोची. ऋतुजाचं लग्न. अकोल्याची तुझी ऋतुजा, जिच्या आईच्या डोहाळजेवणाचे फोटो हे तुझं आयुष्यातलं पहिलं काम. आपण दोघी जाणार होतो. हातात न्यायला प्रत्येकीला सात किलो, म्हणजे दोघींचे चौदा, आणि चौदात सगळं बसतंय हे आपण तीनदा मोजून ठेवलं होतं. आता मी एकटी आहे आणि माझ्याकडे सातच आहेत. माणूस गेल्यावर काय काय कमी होतं ते तेरवीला आलेल्या प्रत्येकाने मला समजावलं, पण हे कोणी सांगितलं नाही.

नवरा म्हणतो, एवढा जीव काय टांगणीला लावतेस, दे सगळं खालच्या सामानात. लाइटचे स्टँड, छत्र्या, कपडे जातीलच खाली. बॅटऱ्या तिकडे चालत नाहीत, त्या हातातच लागतात. आणि कॅमेरे, लेन्स मी खाली देणार नाही. का देणार नाही ते त्याला अर्धवट माहीत आहे. पूर्ण फक्त तुला माहीत होतं.

तू मला पहिल्यांदा भेटलीस ती दर्यापूरला, माझ्या मावसबहिणीच्या हळदीला. आतल्या खोलीत बायकांचा गोंधळ चाललेला, पुरुष फोटोग्राफरला दारातच अडवलेलं, आणि तू पदर खोचून, गळ्यात कॅमेरा घालून सरळ आत शिरलीस. तुझा धंदाच त्या दाराच्या आतला होता. हळद, डोहाळजेवण, बारसं. अकोल्यातल्या मुसलमान घरांमधूनही बायकांच्या बाजूचे फोटो काढायला तुलाच निरोप यायचा. मी तुझ्यामागे फ्लॅश धरून तासभर हिंडले आणि निघताना विचारलं, तुम्ही मला शिकवाल का. तू म्हणालीस, "तुमी काय म्हणतं मले? मी काय तुई सासू आहो का?" तेव्हापासून तू तू आहेस. आता तुला 'होतीस' म्हणायची वेळ आली तर मला ते जमत नाहीये.

तुझी बॅग तेव्हाही तीच होती. खाकी कॅनव्हास, पितळी बकलं, एका खांद्यावर टाकायचा रुंद पट्टा. एसटीत ती कधी वर फळीवर गेली नाही. अकोला ते अमरावती तू ती मांडीवर घेऊन बसायचीस आणि मूर्तिजापूरला चहा प्यायला उतरलीस तरी बरोबर उतरायची. मी मात्र शिकून शहाणी झालेली. मला चाकांची बॅग हवी होती. ट्रॉली, कडक कवचाची, आत कप्पे असलेली. खांदा भरून येतो, ताई, तुझं वय झालं, असं मी म्हणायचे. तू म्हणायचीस, चाकं लावली की माणूस सामान ओढतो, सांभाळत नाही.

शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या व्यापाऱ्याकडच्या लग्नात तर तू कहर केलास. आपला वाद चालू असताना तू सरळ त्यांच्या गोदामात गेलीस आणि संत्र्याच्या क्रेटच्या काट्यावर ती बॅग ठेवलीस. साडेनऊ किलो. हमाल हसून विचारत होते, बाई, हा कोणत्या बागेतला माल? तू शांतपणे म्हणालीस, काटा खोटा हाय. मग मी बॅग रिकामी करून नुसती ठेवली. आत काही नसताना अडीच किलो. मी जिंकल्यासारखी टाळी वाजवली. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की माझी लाडकी ट्रॉली रिकामी असतानाच साडेतीन भरते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हे मी तुझ्यापाशी कबूल केलं नाही, आज करते.

आता नागपूरचं लिहायला हवं. तेच टाळायला मी संत्र्यांमध्ये शिरले होते.

पाच वर्षं झाली. नागपूरहून आपलं पहिलं विमान, बेंगळुरूचं लग्न. तुझा एक नेम होता. खंडेनवमीला कॅमेरे पाटावर मांडायचे, पट्ट्याला हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आणि पूजेतली खोबऱ्याची वाटी बॅगेच्या तळाशी ठेवून द्यायची ती पुढच्या खंडेनवमीपर्यंत. पोटापाण्याची बॅग कधी रिकामी राहू नये म्हणून. ती वाटी बॅगेत आहे हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि विमानात सुकं खोबरं चालत नाही हे दोघींनाही माहीत नव्हतं. तपासणीतल्या माणसाने ती दोन बोटांत धरून बाहेर काढली. यात तेल असतं, पेट घेतं, टाकून द्या, असं तो सांगत होता आणि शेजारी कचऱ्याचा डबा होता. तू डब्याकडे बघितलंस. "पूजेचं हाय. कचऱ्यात नाही टाकणार मी," म्हणालीस, आणि ती अकरा महिन्यांची वाटी तिथेच टेबलाच्या कडेवर आपटून फोडलीस. अर्धी मला, अर्धी तुला. त्या माणसाला पण एक तुकडा देऊ केलास. त्याने घेतला नाही.

जगात कोणी इतकं खवट आणि इतकं चिवट खोबरं खाल्लं नसेल. आपण दोघी उभ्या राहून चावतोय, मागे आपल्या विमानाची शेवटची हाक, आणि हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. त्या क्षणी मला तू इतकी आवडली होतीस की सांगता येत नाही. मग आपण पळालो. बॅग माझ्या खांद्यावर, कारण तुला दम लागला होता.

विमानात वरचे कप्पे भरलेले. दारातल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, मॅडम, ही बॅग खाली द्यावी लागेल. मी मागे बघितलं. तू चार पावलांवर होतीस, गाल फुगलेले, तोंडात शेवटचा तुकडा. तू हात हलवत होतीस. नको नको असाच तो हात होता, मला स्पष्ट कळलं होतं. पण मागे रांग, समोर गणवेश, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ठीक आहे. मी पट्टा खांद्यावरून काढला आणि बॅग देऊन टाकली.

बेंगळुरूला उतरल्यावर तुझी लांब पल्ल्याची लेन्स, जी तू बँकेच्या कर्जावर घेतली होतीस, हातात घेतली तर आत काहीतरी खुळखुळलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तू सांगितलंस, माझ्या हातून पडली. अख्खं लग्न तू छोट्या लेन्सवर काढलंस. मला एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

लेन्स दुरुस्त झाली, पण पूर्वीसारखी नाही. फोकस घेताना कुर्र करते, जात्यात खडा आल्यासारखी. त्यानंतरच्या प्रत्येक लग्नात, मंगलाष्टकं थांबली की मधल्या शांततेत मला ती कुर्र ऐकू यायची. तू मात्र ऐकू येत नसल्यासारखं दाखवायचीस.

मी माफी कधी मागितली नाही. उलट वादच घातला. विषय निघाला की मी म्हणायचे, तुझ्या खोबऱ्यामुळे झालं. खोबरं नसतं तर उशीर झाला नसता, कप्पे भरले नसते, तुझं तोंड मोकळं असतं. अगदी मुद्देसूद. तू ऐकून घ्यायचीस आणि दर वेळी तेच एक वाक्य म्हणायचीस.

"खोबरं नसतं तरी तू बॅग देल्लीच असती."

मला त्या वाक्याचा भयंकर राग यायचा. तू पुढे म्हणायचीस, भीड भिकेची बहीण असते वैशाली, आणि मी उठून चहा टाकायला जायचे.

शेवटचा फोनही त्यावरच झाला. मी म्हटलं, अमरावतीचं विमान छोटं आहे, वरचे कप्पे बोटभर, तुझी पोतडी बसणार नाही, ट्रॉलीच घेऊ. तू म्हणालीस, विमान छोटं तर ट्रॉली पहिले काढून घेतील, माही बॅग पायापाशी दबून बसते. मग म्हणालीस, तू फक्त वजन कर, बॅगेचं मी पाहतो. मला वाटलं, झालं, आता ते वाक्य येणार. म्हणून मी घाईने म्हटलं, बरं बाई, तुझंच खरं, ठेव फोन. तू ठेवलास. सकाळी भाऊजींचा फोन आला, ती उठतच नाही म्हणून. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य 'ठेव फोन' आहे. हे घेऊन मी कुठे जाऊ, ताई?

तेरवीच्या संध्याकाळीच भाऊजींनी बॅग माझ्यासमोर आणून ठेवली. म्हणाले, "घेऊन जा वो. मी घरी ठेवून काय करू? मले त फोटोबी काढता येत नाही." इतकी वर्षं तुझ्या प्रत्येक कामाला ज्यांनी स्टेशनवर सोडलं आणि आणलं, त्यांच्याकडे आज नेण्या-आणण्यासारखं काही उरलं नाही. मी बॅग मांडीवर घेऊन एसटीने अमरावतीला आले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा बॅगेसकट उतरले आणि चहा प्यायले.

घरी येऊन तळाशी हात घातला. या खंडेनवमीची वाटी होती. ती आपल्या देवघरात ठेवली, तुझ्या फोटोपुढे नाही, तुला ते आवडलं नसतं.

मग वजन. तुझ्या बॅगेत भरलं तर पावणेनऊ. ट्रॉलीत पावणेदहा. लांब लेन्स वगळली तर तुझ्या बॅगेत सव्वासात. सगळे सांगतात तीच ठेव घरी, दीड किलोची धोंड, त्यातून आवाज करते, कोचीत भाड्याने मिळेल चांगली. तिथे मदतीला येणारा फोटोग्राफरही म्हणतो, माझी वापरा. अक्कल तेच सांगते. पण ऋतुजाने फोनवर विचारलं होतं, मावशी नाही, तर मावशीचं काही येईल का गं बरोबर? मी हो म्हणून बसले. नाही म्हणता येत नाही ना मला.

आज इतवारा बाजारातल्या बॅगवाल्या चाचांकडे दोन्ही बॅगा घेऊन गेले. त्यांनी तुझी बॅग हातात घेतली, उलटी केली, बकलं वाजवून बघितली. "बाई, हिच्यात माल कमी अन् लोखंड-पितळच जादा हाय. आतला गद्दा मात्र एक नंबर. तो काढून साध्या दप्तरात शिवून देतो, अर्ध्या किलोचं काम. बाकीचं सोडून द्या." आतला गद्दा म्हणजे तू स्वतः शिवलेले ते फोमचे कप्पे, निळ्या सुती कापडाचे. चाचांनी कात्री उचलली आणि मी ओरडलेच, थांबा. तुला जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि मी तुझी बॅग कापायला निघाले होते. दुकानाबाहेर येऊन भाऊजींना फोन लावला. कसंबसं सांगितलं. मला वाटलं, आता हेही माणूस मी दुखावलं.

मग ते म्हणाले, "ते निळं कापड माह्या मायचं लुगडं होय. माय असताना तुह्या ताईनं विचारलं नाही, सरळ कापलं. तू त विचारून राहिली. काप."

मी रस्त्यात उभी राहून रडले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. चाचांनी आतून स्टूल पाठवलं.

सहा किलो आठशे. हे लिहिते आहे तेव्हा बॅग काट्याला लटकतेय. काळं साधं दप्तर, कॉलेजच्या मुलाच्या पाठीवर असतं तसं, कोणाला संशय येऊ नये असं. आत तुझ्या सासूचं लुगडं, दोन कॅमेरे आणि ती कुर्र करणारी लेन्स. तरी भीती जात नाही. त्यांचा काटा वेगळा निघाला तर? बॅटऱ्यांवरून अडवलं तर? शिडीपाशी कोणी गोड आवाजात मागितली तर?

पुढचं आज लिहिते आहे, मुंबईच्या विमानतळावर बसून. बॅग दोन पायांत धरली आहे आणि पट्टा मनगटाला गुंडाळला आहे. समोरची बाई माझ्याकडे बघते आहे, बघू दे.

सकाळी अमरावतीला दोन तास आधी पोहोचले. काट्यावर सहा किलो आठशेच भरली. तपासणीत सगळं बाहेर काढायला लावलं, बॅटऱ्या मोजल्या, लेन्सला डोळा लावून बघितलं आणि जा म्हणाले. खोबरं नव्हतं, उशीर नव्हता, तोंड मोकळं होतं. माझा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला. मग आम्ही चालत विमानापाशी गेलो. शिडीजवळ एक तरुण मुलगी हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन उभी होती. ती हसली आणि म्हणाली, "मॅडम, वर जागा लहान आहे. ही इथेच द्या, उतरल्यावर लगेच मिळेल."

माझ्या मागे पाच-सहा माणसं होती. उन्हात उभी होती, घाई कोणालाच नव्हती. कोणी मला ढकललं नाही, कोणी रागावलं नाही. मी पट्टा खांद्यावरून काढला. "ठीक आहे," म्हटलं. तिने बॅग घेतली, हाताला जड लागली म्हणून जरा दचकली, आणि चिठ्ठीचा दोरा बंदाला बांधायला लागली. मी शिडीच्या दोन पायऱ्या चढले.

तिसऱ्या पायरीवर माझे पाय थांबले. मागचे काका म्हणाले, चला बाई. मी त्यांना बाजूला करून खाली उतरले. "नाही देत मी," म्हटलं. "कॅमेरे आहेत आत, आणि बॅटऱ्या आहेत. पायाखाली दबून बसते ती." ती म्हणाली, आधी दिलीत ना तुम्ही. मी म्हटलं, दिली होती, चुकलं, परत द्या. तिने मोठ्या साहेबाकडे बघितलं, बॅटऱ्या म्हटल्यावर त्याने मान हलवली, तिने दोरा सोडला. एवढंच झालं. विमान पडलं नाही, माणसं रागावली नाहीत. सीटखाली बॅग सरकवली तर पोटातली हवा सोडल्यासारखी दबून बसली, तू सांगितलं होतंस तशी.

खिडकीतून खाली काळी शेतं दिसत होती आणि मला काही बघवत नव्हतं. पाच वर्षं मी तुझ्या एका पूजेच्या वाटीवर सगळं ढकलत आले. ती लेन्स माझ्या हाताने गेली, ताई. तू माझ्यासाठी खोटं बोललीस आणि मी तुझ्याशी वाद घालत बसले. मला माफ कर. हे मला त्या फोनवर म्हणता आलं असतं, त्याच्या आधी पाच वर्षं म्हणता आलं असतं.

आता तासाभरात कोचीचं विमान लागेल आणि तिथेही दारात कोणीतरी उभं असेलच. पण तुला आधी हे सांगायचं होतं. आज खोबरं नव्हतं, ताई. तरी मी बॅग दिलीच होती. फक्त या वेळी परत मागून घेतली.